तिघांपैकी पहिला कोण?

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात पवनानगरहून एक पत्र आलंय. वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि शेवटच्या पानावर पाण्याने शाई पसरलेली. मावळातला पाऊस काही पोस्टमनची पिशवी बघून पडत नाही! ज्यांना पवनानगर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पवना धरणाच्या कुशीतलं हे गाव. कामशेतला रेल्वेतून उतरायचं आणि एसटीने आत जायचं. आजूबाजूला भाताची खाचरं, आणि मान वर केली की तिकोना, तुंग, लोहगड.

पत्र लिहिणारी मुलगी नववीत आहे आणि पेटी वाजवते. तिच्या वर्गातला एक मुलगा पखवाज वाजवतो. तिसरा त्यांच्याहून एका वर्षाने लहान, तो बासरी वाजवतो. (नावं छापत नाही. भांडण मिटण्याआधी नावं छापली तर ते वाढायचंच!) तिघंही गावच्या भजनी मंडळात बसून शिकले. गेल्या वर्षी सप्ताहात मुख्य गायकबुवांना यायला उशीर झाला, तेव्हा वेळ काढायला म्हणून या तिघांनी नुसतंच वाजवलं. गाणारं कोणी नाही, फक्त तीन वाद्यं. लोकांना ते इतकं आवडलं की यंदा गणपतीत मंडळाने त्यांना चक्क अर्धा तास दिलाय.

आणि इथेच माशी शिंकली. फलकावर पहिलं नाव कोणाचं, यावरून आधी कुरबुर झाली. मग बासरीवाल्याचं म्हणणं पडलं, "तुमच्या पखवाजाखाली माझी बासरी कोणाला ऐकूच येत नाही, मग मी तिथे बसू कशाला?" तो दोन आठवडे तालमीला आलेला नाही. पत्राच्या शेवटी प्रश्न आहे: "काका, तिघांत पुढारी कोण असावा? मोठमोठ्या वादकांत हे कसं ठरवतात?"

प्रश्न मोठा फक्कड आहे! आपल्या संगीतात बहुतेक वेळा तो पडतच नाही. गाणारा पुढे, पेटी-तबला साथीला. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत अहमदजान थिरकवांसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखे सारंगिये होते, म्हणजे एकेक माणूस हिऱ्यासारखा. तरी मंचावर गाणं गंधर्वांचंच. साथ म्हणजे साथ. पण गाणारा उठून गेला आणि तिघंही बरोबरीचे उरले, की मग काय करायचं?

पाश्चात्त्य संगीतात एक प्रकार आहे, पियानो ट्रायो. त्यात हाच प्रश्न सव्वादोनशे-अडीचशे वर्षं घोळतोय. तेव्हा आज आपण तिकडे जाऊ या. आपल्या पवनानगरच्या दोस्तांना बरंच काही ओळखीचं वाटेल.

ट्रायो म्हणजे तिघं. एक पियानो, एक व्हायोलिन, एक चेलो. पियानो तुम्ही सिनेमात पाहिला असेल. पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, पण एकूण ८८. पट्टी दाबली की आत बनातीने मढवलेली एक हातोडी उडते आणि तारेवर बसते. म्हणून पियानोचा सूर ठणकन उमटतो आणि लगेच विरायला लागतो. पेटीचा भाता हलवत राहिलं की सूर टिकतो, तसं तिथे होत नाही. व्हायोलिन आणि चेलो यांचं याच्या नेमकं उलट. ती गजाने वाजतात, त्यामुळे सूर धरून ठेवता येतो, फुगवता येतो, गाता येतो. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊच समजा. एवढा थोरला, की खुर्चीवर बसून तो दोन गुडघ्यांच्या मध्ये धरावा लागतो. त्याचा आवाज भरदार, एखाद्या पुरुषाच्या गळ्यासारखा.

आता गंमत बघा. पियानो एकटाच इतका मोठा आवाज काढू शकतो की मनात आणलं तर तो दुसऱ्या दोघांना सहज गिळून टाकेल. चेलोला तर जास्तच धोका, कारण त्याचे खालचे सूर आणि पियानोवाल्याच्या डाव्या हाताचे सूर एकाच गल्लीत राहतात. म्हणजे पखवाजाखाली बासरी बुडण्याचं दुखणं काही पवनानगरात जन्मलेलं नाही!

सुरुवातीला लोकांनी यावर सोपा तोडगा काढला. चेलोला बोलूच द्यायचं नाही. अठराव्या शतकात हायडन या मोठ्या संगीतकाराने खूप ट्रायो लिहिले. पण ते छापले जात ते 'पियानोचे सोनाटा, व्हायोलिन आणि चेलोच्या साथीसह' अशा नावाने. चेलोवाला बिचारा बहुतेक वेळ पियानोच्या डाव्या हाताचीच री ओढत बसायचा. मग १७९५ साली व्हिएन्नात चोवीस-पंचवीस वर्षांच्या एका तरुणाने आपलं पहिलंवहिलं अधिकृत पुस्तक छापलं, त्यात तीन पियानो ट्रायो होते. त्याचं नाव बीथोव्हन. त्याने चेलोला स्वतःचं असं बोलायला दिलं. पुढे तर तिघं एकमेकांशी वाद घालतात, वाक्यं तोडतात, एकाचं म्हणणं दुसरा पुरं करतो, असे ट्रायो त्याने लिहिले.

याच बीथोव्हनची एक हकीकत आहे. तो पुढे बहिरा होत गेला, हे तुम्ही वाचलं असेल. १८१४ साली त्याचा 'आर्चड्यूक' नावाचा ट्रायो व्हिएन्नात पहिल्यांदा लोकांपुढे वाजला, तेव्हा पियानोवर तो स्वतः बसला होता. त्या सुमाराच्या एका तालमीला श्पोर नावाचा एक व्हायोलिनवादक हजर होता आणि त्याने जे पाहिलं ते लिहून ठेवलं. मोठ्याने वाजवायची जागा आली की बीथोव्हन एवढा जोर लावायचा की तारा खणखणायच्या. हळू वाजवायच्या जागी इतकं हळू की सूर उमटायचेच नाहीत. त्याला दुसरे दोघं ऐकू येत नव्हते. स्वतःचाही आवाज ऐकू येत नव्हता. त्याच्याइतकं संगीत जाणणारा माणूस त्या गावात दुसरा नसेल, पण तिघांत बसून वाजवायचं तर नुसतं जाणणं पुरत नाही. त्यानंतर पियानोवादक म्हणून तो लोकांपुढे जवळजवळ आलाच नाही.

आता म्हणाल, काका, हे सगळं तिकडचं, व्हिएन्नाचं. आमच्या मावळाचा याच्याशी काय संबंध? तर बोरघाट उतरा आणि मुंबईला चला. साल १९३४. जर्मनीत हिटलर सत्तेवर आलेला. वॉल्टर काउफमान नावाचे एक तरुण ज्यू संगीतकार तिकडून जीव वाचवून फेब्रुवारीत मुंबईला उतरले. जन्म बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक देशातला, शिक्षण बर्लिनचं. भारतीय संगीताच्या तबकड्या त्यांनी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्यांना त्यातलं ओ का ठो कळलं नव्हतं. पण त्यांनी विचार केला तो असा: हे संगीत ज्यांनी घडवलं ती माणसं आहेत, ते आवडीने ऐकणारीही लाखो माणसं आहेत, तेव्हा खोट माझ्या कानात असली पाहिजे. आणि गडी शिकायला बसला! पुढे त्यांनी आपल्या रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिले. आकाशवाणीची ती सकाळची ओळखधून, शिवरंजनीच्या अंगाने जाणारी, तीही त्यांनीच बांधली असं मानलं जातं. आजी-आजोबांना विचारा, ते लगेच गुणगुणून दाखवतील.

तर या काउफमान यांनी मुंबईत आल्याबरोबर काही महिन्यांतच 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' काढली. चेंबर म्युझिक म्हणजे दिवाणखान्यात, थोड्या माणसांनी, थोड्या माणसांसाठी वाजवायचं संगीत. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम. १९३७ च्या मे महिन्यापर्यंत त्यांचे शंभराहून जास्त कार्यक्रम झाले होते. पियानोवर स्वतः काउफमान, चेलोवर एदिजिओ व्हेर्गा नावाचे इटालियन गृहस्थ आणि व्हायोलिन वाजवणाऱ्यांत मुंबईचे पारशी, मेहली मेहता. एक हिटलरच्या तावडीतून सुटलेला, एक इटलीचा, एक इथलाच. तिघांच्या मातृभाषा तीन, आणि राज्य चौथ्याच, इंग्रजांचं!

मेहली मेहतांनी १९३५ साली मुंबईत एक सिम्फनी ऑर्केस्ट्राही उभा केला आणि पुढे एक स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची मंडळी. तिच्या तालमी त्यांच्या घरीच चालायच्या. घरात एक पोरगा हे सगळं ऐकत वाढला. १९३६ साली जन्मलेला. त्याला डॉक्टर करायचं घरच्यांच्या मनात होतं. दोन वर्षं तो त्या वाटेवर गेलाही, पण १९५४ साली व्हिएन्नाला पळाला. म्हणजे पळाला तसा नाही, वडिलांनीच पाठवला! हे झुबिन मेहता. पुढे ते जगातल्या मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांचे संचालक झाले, शंभर-शंभर माणसांना एका काठीने वाजवायला लावणारे. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

काउफमान १९४६ साली भारत सोडून गेले, आधी इंग्लंड, मग कॅनडा, शेवटी अमेरिका. मुंबईतल्या वर्षांत त्यांनी स्वतः लिहिलेल्या रचना नंतर बराच काळ कोणी वाजवत नव्हतं. २०२० साली टोरांटोच्या 'आर्क' नावाच्या वादक मंडळींनी त्यांतल्या काहींचं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा कुठे त्या जगाला पुन्हा ऐकू आल्या. तारा सगळ्या युरोपच्या, पण मध्येच असा एखादा वळसा येतो की आपण चमकून बघतो, अरे, हे तर आपल्याकडचं! मला ते फार आवडलं. घाई न करता ऐका.

ध्वनिमुद्रणाचा विषय निघालाच आहे तर आता जरा जुन्या तबकड्यांकडे वळू, कारण पवनानगरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

१९२५ पर्यंत रेकॉर्ड करायला मायक्रोफोनच नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असायचा आणि वादक त्याच्यासमोर दाटीवाटीने बसून वाजवायचे. मग मायक्रोफोन आला आणि नाजूक आवाजही टिपता यायला लागले. पुढच्याच वर्षी, १९२६ च्या जुलैत, लंडनमध्ये तीन माणसं मायक्रोफोनपुढे बसली. पियानोवर आल्फ्रेड कॉर्तो, व्हायोलिनवर झाक तिबो, दोघंही फ्रेंच. आणि चेलोवर पाब्लो कासाल्स, स्पेनमधल्या कॅटलोनियाचे. तिघंही आपापल्या परीने जगप्रसिद्ध. पॅरिसमध्ये १९०५ च्या सुमारापासून केवळ आवडीखातर ते एकत्र वाजवत आलेले. म्हणजे रेकॉर्ड करायला बसले तेव्हा त्यांच्या मैत्रीला वीस वर्षं झाली होती.

तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटांचं संगीत मावायचं. दोन वर्षांनी त्यांनी बीथोव्हनचा तोच 'आर्चड्यूक' रेकॉर्ड केला. चाळीस मिनिटांच्या आसपासची रचना, म्हणजे दहा बाजू, पाच तबकड्या! दर चार मिनिटांनी थांबायचं, श्वास घ्यायचा, आणि पुन्हा जणू थांबलोच नव्हतो अशा थाटात सुरू करायचं. चूक झाली तर? आजच्यासारखं कापून जोडणं नाही. मेणाची ती चकती बाद, पूर्ण बाजू पुन्हा पहिल्यापासून. म्हणून या तबकड्यांत कुठे कुठे बारीक चुका तशाच राहून गेल्यात. मला विचाराल तर त्याने काहीच बिघडत नाही.

त्यांचा १९२६ चा शूबर्टचा ट्रायो मिळाला तर जरूर ऐका. (मोबाइलवर शोधलात तर हल्ली या सगळ्या जुन्या तबकड्या सापडतात. खरखर असते, तिकडे लक्ष देऊ नका, पावसात पत्र्याखाली बसलोय असं समजा.) सुरुवातीला व्हायोलिन आणि चेलो मिळून धून गातात आणि पियानो खालून नुसता ठेका देतो. थोड्या वेळाने तीच धून पियानो घेतो आणि मघाचे दोघं त्याला ठेका द्यायला लागतात. वारीत पालखीचा दांडा या खांद्यावरून त्या खांद्यावर जातो ना, तसं. पालखी हलत नाही, खांदे बदलतात. दुसऱ्या भागात तर पहिली धून कासाल्स यांच्या चेलोची. तिबोंचं व्हायोलिन तोवर गप्प बसतं. मग व्हायोलिन ती धून उचलतं आणि चेलो तिच्याभोवती वेल चढावा तसा फिरत राहतो. यात पुढारी कोण, हे कागदावर लिहून दाखवा बघू! जो त्या क्षणी धून वाजवतोय तो. पुढच्या क्षणी दुसरा.

पण ही गोष्ट एवढ्यावर संपत नाही. तिघांचं एकत्र वाजवणं तिशीच्या दशकात थांबलं. मग स्पेनमध्ये १९३६ ते १९३९ यादवी युद्ध झालं, हुकूमशहा फ्रँको जिंकला. कासाल्स देश सोडून फ्रान्सच्या सीमेवरच्या प्राद या गावी जाऊन राहिले. पुढे दुसरं महायुद्ध आलं, जर्मनीने फ्रान्स व्यापला. कासाल्स यांनी नाझींसाठी वाजवायला साफ नकार दिला. कॉर्तो मात्र जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या सरकारात पदावर बसले आणि जर्मनीत जाऊन कार्यक्रमही केले. युद्ध संपल्यावर फ्रान्समध्ये त्यांच्या वाजवण्यावर काही काळ बंदी आली. जुन्या मित्राने हे करावं याचं कासाल्स यांना किती वाईट वाटलं असेल, विचार करा. तिबो १९५३ साली विमान अपघातात गेले. तिघांचा ट्रायो आता कधीच होणार नव्हता.

आणि मग १९५८ साली, प्रादच्या संगीत महोत्सवात, ऐंशी ओलांडलेले कॉर्तो पियानोवर बसले आणि ऐंशी ओलांडलेले कासाल्स चेलो घेऊन त्यांच्या शेजारी. दोघांनी बीथोव्हन वाजवला. झालं गेलं कासाल्स विसरले असतील असं मला वाटत नाही. कॉर्तोंचं वागणं चुकीचंच होतं आणि ते मैत्रीखातर बरोबर ठरत नाही. तरी ते दोघं एकत्र बसले, हेही खरं आहे. यावर तुम्हाला काय वाटतं ते लिहून कळवा, मला खरंच वाचायचंय.

आता जरा हसू या. फलकावरच्या नावाचं भांडण! अमेरिकेत तिघा महारथींचा एक ट्रायो जमला: पियानोवर आर्थर रूबिनस्टाइन, व्हायोलिनवर याशा हायफेट्झ, चेलोवर पिआतिगोर्स्की. वर्तमानपत्रांनी त्यांना 'दहा लाख डॉलरचा ट्रायो' असं नाव ठेवलं. १९५० साली त्यांनी रेकॉर्डही केल्या. वाजवतात असं की विचारू नका. पण जाहिरातीत पहिलं नाव कोणाचं, यावरून पियानो आणि व्हायोलिन यांची जुंपली. एकाचं म्हणणं, आळीपाळीने छापा. दुसऱ्याचं म्हणणं, रिवाज आहे तसंच राहू दे. असं सांगतात की त्या वादात एक वाक्य निघालं, की अहो, साक्षात देव जरी व्हायोलिन वाजवायला बसला तरी लोक त्याचं नाव दोघांच्या मध्येच छापतील! हे रूबिनस्टाइन म्हणाले की हायफेट्झ, याबद्दलही दोन मतं आहेत. म्हणजे भांडणातलं वाक्य कोणाचं, यावरूनही भांडण! तेव्हा पवनानगरच्या मंडळींनो, तुम्ही फार थोर माणसांच्या रांगेत उभे आहात.

आता ज्यांच्यात हे भांडण झालंच नसतं अशा ट्रायोबद्दल. मेनाहेम प्रेसलर, जन्म जर्मनीतल्या माग्देबुर्गचा, १९२३ सालचा. हेही ज्यू. १९३८ साली नाझींच्या गुंडांनी वडिलांचं दुकान फोडलं, पुढच्या वर्षी हे कुटुंब देश सोडून निसटलं. १९५५ साली अमेरिकेत त्यांनी दोघा जोडीदारांबरोबर ट्रायो सुरू केला आणि त्याचं नाव ठेवलं 'बोझार ट्रायो'. नावात ना प्रेसलर, ना आणखी कोणी. व्हायोलिनवाले बदलले, चेलोवाले बदलले, पियानोवर प्रेसलर तेच. किती वर्षं? त्रेपन्न! २००८ साली तो ट्रायो थांबला तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. त्यानंतरही एकट्याने वाजवत राहिले आणि २०२३ साली, ९९ व्या वर्षी गेले.

आणखी एक योगायोग सांगतो. हे प्रेसलर अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात शिकवत. १९५७ पासून त्याच विद्यापीठात दुसरे एक प्राध्यापक होते, आपले मुंबईचे गुरुवारवाले काउफमान! हिटलरने देशोधडीला लावलेली दोन माणसं, एक मुंबईमार्गे आलेली, आणि दोघं एकाच गावात पोरांना शिकवतायत.

आणि झुबिन मेहता? १९६९ साली लंडनला पाच तरुण दोस्त शूबर्टचं 'ट्राउट' नावाचं पंचक वाजवायला जमले. ट्राउट म्हणजे एक मासा. पियानोवर दानिएल बारेनबोइम, चेलोवर त्यांची बायको जॅकलिन द्यू प्रे, व्हायोलिनवर इत्झाक पर्लमन, व्हायोलावर पिंकस झुकरमन. आणि उभ्या थोराड डबल बासवर आपले झुबिन! एरवी काठी हाती घेऊन सगळ्यांना हुकूम देणारा माणूस इथे सगळ्यात मागे उभा राहून खालचे सूर धरतोय. त्या कार्यक्रमाची फिल्म आहे. मंचावर जाण्याआधीची त्यांची दंगामस्ती बघितलीत तर ही जगप्रसिद्ध माणसं आहेत असं वाटणारच नाही, गॅदरिंगच्या आधीची नववी 'ब' वाटते.

त्यांतल्या बारेनबोइम, झुकरमन आणि द्यू प्रे यांनी बीथोव्हनचे ट्रायोही रेकॉर्ड केले, १९६९-७० च्या सुमारास. त्यात 'भुताचा ट्रायो' आहे. खरंच, लोक त्याला 'घोस्ट' म्हणतात! १८०८ साली लिहिलेला. मधला संथ भाग ऐकताना बीथोव्हनच्या एका शिष्याला हॅम्लेट नाटकातल्या भुताची आठवण झाली आणि तेव्हापासून ते भूत काही त्याची पाठ सोडत नाही. पियानो खाली कुठेतरी घुमत राहतो आणि वर व्हायोलिन, चेलो एकेक सूर असा सोडतात, जणू अंधारात कोणी दबकत चाललंय. धरणाच्या काठी, रात्री, लाइट गेलेले असताना ऐका. मग मला पत्र लिहा. त्यात द्यू प्रेचा चेलो नीट ऐका. ती तेव्हा पंचविशीतही नव्हती. पुढे काही वर्षांतच तिच्या नसांना असाध्य आजार झाला, बोटांना तारा कळेनात. १९७३ साली, अठ्ठावीस वर्षांची असताना तिचं वाजवणं थांबलं. ती १९८७ साली गेली. ट्रायोमधली ती आजही या तबकड्यांत ऐकायला मिळते.

तर आता पवनानगर. पेटीवाल्या ताईसाहेब, पखवाजवाले बुवा आणि रुसलेले बासरीवाले, तिघांनी एकत्र वाचा.

पहिलं काम. पियानो ट्रायोत व्हायोलिनवाल्यापुढे फक्त व्हायोलिनचे सूर लिहिलेला कागद असतो, चेलोवाल्यापुढे चेलोचा. पियानोवाल्यापुढे मात्र तिघांचंही लिहिलेलं असतं, एकाखाली एक. म्हणजे तिघांचं ध्यान ठेवायची सक्ती त्याच्यावर. तुमच्यात पट्ट्यांचं वाद्य पेटी. तेव्हा पेटीवाल्या मुलीला बासरीची प्रत्येक जागा तोंडपाठ पाहिजे, स्वतःच्या जागांइतकीच. आहे का? पत्रात तू बासरीबद्दल चार पानांत दोन ओळी लिहिल्यास, म्हणून विचारतो.

दुसरं, पखवाजासाठी. आवाज कमी कर असं मी म्हणणार नाही, कणीक लावलेली पुडी घुमलीच पाहिजे. पण पहिली दोन-तीन मिनिटं हात मांडीवर ठेवून बस. बासरी आणि पेटीला आधी बोलू दे. शूबर्टच्या त्या दुसऱ्या भागात तिबोंसारखा नामांकित माणूस गप्प बसून वाट बघतो, तुला जमायला हरकत नाही. आणि तू पहिला हात टाकशील तेव्हा सगळा मांडव सरसावून बसतो की नाही ते पाहा.

तिसरं, बसायची जागा. भजनात तुम्ही ओळीने बसता. इथे अर्धगोल करा, म्हणजे एकमेकांचे डोळे दिसतील. ट्रायोत हात वर करून सुरुवात दाखवणारा कोणी नसतो. श्वास घेतात आणि एकमेकांकडे बघतात, बस.

चौथं. घरातला मोबाइल घ्या, रेकॉर्डिंग सुरू करा आणि तो तुमच्या पुढ्यात न ठेवता मांडवात शेवटची आजी जिथे बसेल तिथे ठेवा. मग तिघांनी ऐका. बासरी ऐकू येत नसेल तर बासरीवाल्याला ते सांगावं लागणार नाही, दुसऱ्या दोघांनाच कळेल. पण एक अट: ऐकताना प्रत्येकाने स्वतःचं वाद्य सोडून दुसऱ्याचं ऐकायचं.

आणि बासरीवाल्या, तुझं गाऱ्हाणं खरं असेल, पण ते तालमीला न जाता दुरुस्त व्हायचं नाही. या रविवारी जा.

राहिला फलक. वर्णानुक्रमाने लिहा म्हणावं तर पखवाज, पेटी, बासरी असा क्रम लागतो, म्हणजे आधीच रुसलेला तोच शेवटी. दरवर्षी आळीपाळीने लिहा म्हणावं तर रूबिनस्टाइन-हायफेट्झला जमलं नाही. त्यापेक्षा बोझारवाल्यांचं करा, तिघांचं मिळून एकच नाव. तुमच्या गावातून तीन किल्ले दिसतात. मंडळाचा फलक रंगवायला जाण्याआधी नाव ठरवा आणि मला कळवा, छापतो. पाकीट मात्र या वेळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठवा.